लक्ष्मीपुढे ठेवलेले बारा शब्द

माझा धाकटा भाऊ जहाजावर आहे. मासेमारीच्या नव्हे, मालवाहू. महिनोन्महिने कुठल्या कुठल्या देशांच्या बंदरांना लागतं ते. त्याचे साठवलेले पैसे कुठे आहेत, असं मला कुणी विचारलं तर मला आजही धड सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे ते माझ्याच घरात होते. होते म्हणजे, नव्हतेही. बघा, सुरुवातच अशी होते. मी सांगायला लागले की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो, आणि मग माझं डोकं फिरतं.

तर नीट सांगते. आमचं घर काशीदला. मागच्या अंगणात चार खोल्या काढल्यात, पर्यटक येतात, राहतात, जेवतात. आमचे हे एसटीत कंट्रोलर होते, आता निवृत्त झालेत, म्हणजे पूर्वी स्टँडवर ओरडायचे ते आता घरात ओरडतात. माझं माहेर तिकडे आत, तळा गावाच्या बाजूला, पण वडील गेल्यावर ते घर बंद केलं आणि आईला मी माझ्याकडे आणलं. शेवटची वर्षं ती माझ्याकडेच होती, मधल्या खोलीत. ती गेली तेव्हा भाऊ भर समुद्रात. जहाज काय एसटी आहे, हात दाखवला की थांबायला? नाही आला. नाहीच येऊ शकला.

वर्षश्राद्धाला मात्र आला. सगळे विधी केले, जेवला, पण मधल्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ओटीवरच झोपला. निघायच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, दोन वस्तू ठेवशील?" आणि एक जुना फोन दिला, सिम नसलेला, आणि एक जाड कागदाचं कार्ड, लग्नपत्रिकेएवढं. कार्डावर बारा इंग्रजी शब्द. साधे, शाळेतल्या शब्दार्थासारखे. एक प्राणी, एक भांडं, असले. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

"हे काय? कोडं आहे?"

"हे माझे पैसे आहेत," तो म्हणाला.

मला वाटलं, आईच्या जाण्याने ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. खरंच वाटलं. मग त्याने सांगितलं की त्याने बिटकॉइन घेतलेत. मी म्हटलं, कॉइन म्हणजे नाणं ना, मग दाखव. म्हणाला, दाखवायला नसतं. सोन्याचं नाही, चांदीचं नाही, कागदाचं पण नाही. "मग तुला विकलं काय त्यांनी?" मी विचारलं. तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा हसला, म्हणून मी पुढचं ऐकून घेतलं.

त्याने समजावायचा प्रयत्न केला, तो असा. ही नाणी घ्यायची तर कुणी ओळखीचा देतो, कुणी दामदुप्पट करून देतो म्हणून घ्यायची नाहीत. नोंदणी असलेल्या अ‍ॅपवर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पॅनकार्डाने, स्वतःच्या बँकेतून घ्यायची. फायद्यावर सरकारला कर द्यायचा, आणि तो चांगलाच सणसणीत असतो. भाव आज आभाळाला, उद्या चिखलात, म्हणून बुडाले तरी चूल पेटेल एवढेच पैसे टाकायचे. इथपर्यंत मला कळलं. पुढे म्हणाला, अ‍ॅपवर ठेवलेली नाणी म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली. तो कपाटवाला पळाला की आपण बसलो. म्हणून आपली आपल्या पाकिटात हलवायची. ते पाकीट ह्या जुन्या फोनमध्ये.

"म्हणजे पैसे ह्या फोनमध्ये आहेत."

"नाही. फोन मोडला तरी चालेल. दुसरा घ्यायचा, त्यात हे बारा शब्द ओळीने घालायचे, पैसे परत दिसतात."

"मग पैसे कार्डात आहेत."

"कार्डात किल्ली आहे."

"मग पैसे कुठे आहेत रे मेल्या?"

"कुठेच नाहीत, ताई. म्हणजे सगळीकडे आहेत."

देवाबद्दल कीर्तनकार सांगतात तसं सांगत होता. मी हात टेकले. एवढंच पक्कं लक्षात ठेवलं की हे शब्द ज्याच्या हाती लागतील तो जगात कुठेही बसून पैसे काढून घेऊ शकतो, आणि मग तक्रार करायला मॅनेजर नाही, शाखा नाही, काही नाही. म्हणून फोटो काढायचा नाही, कुणाला पाठवायचे नाहीत, फोनवर उच्चारायचे नाहीत. फोन एकीकडे ठेवायचा, कार्ड दुसरीकडे.

"हे सगळं कशासाठी करतोयस?" मी विचारलं.

"गावात जागा घेणार. घर बांधणार, समुद्राकडे पाठ करून. पुरे झालं पाणी. आणखी थोडे साठले की उतरणार जहाजावरून कायमचा."

"आणि बुडाले तर?"

"तर मग आणखी जहाजं," तो म्हणाला.

एवढंच मला कळण्यासारखं होतं. हे शब्द राहिले तर भाऊ घरी, शब्द गेले तर भाऊ पाण्यात. फोन मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला आणि कार्ड देवघराच्या खणात. त्यानंतर तो घरी आलाच नाही. एक जहाज संपलं, मुंबईत मित्राकडे राहिला, तिथूनच दुसरं धरलं. गेटवेवरून लाँचमध्ये बसलं की आमच्या बाजूचं मांडवा ते किती लांब, पण तिथवरही आला नाही. फोन करायचा, बदाम-पिस्ते पाठवायचा, यायचं नाव काढलं की नेटवर्क जायचं त्याचं. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळायचे आणि आत येऊन भांडी जोरात घासायचे.

तर ही अशाच एका दिवाळीची गोष्ट.

आमच्या घरात लक्ष्मीपूजनाची एक रीत आहे, माझ्या सासूबाईंच्या सासूपासूनची. नुसते पैसे आणि दागिने नाहीत, ज्याच्या ज्याच्यावर घर जेवतं ते सगळं पाटावर मांडायचं. पूर्वी नारळ सोलायचा कोयता आणि भाताचं माप असायचं. आता खोल्यांच्या चाव्या, पर्यटकांची नावं लिहायचं रजिस्टर, पासबुक, ह्यांचा एसटीचा बिल्ला. निवृत्त झाले तरी बिल्ला मांडतात, कारण पेन्शन त्याच्यावरच येते. सगळ्याला हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा, बत्तासे ठेवायचे.

मी स्वयंपाकघरात होते, पाहुण्यांचं जेवण एका बाजूला आणि आमचा नैवेद्य दुसऱ्या बाजूला. बाहेर येऊन बघते तर पाटावर, पासबुकाच्या शेजारी, ते कार्ड. वर हळदकुंकवाची बोटं.

"अहो, हे कशाला काढलंत?"

"मेहुण्याची लक्ष्मी नाही का ती? सगळ्यांची पुजायची आणि तिला काय अंधारात ठेवायची?"

"त्याने कुणाला दाखवू नको सांगितलंय."

"देवीपुढे कसली लपवाछपवी?" हे म्हणाले, आणि वर एक झेंडू ठेवला.

आणि मला ते पटलं, काय सांगू! आमच्या घरात ह्याच्यावर कोण हरकत घेणार? लक्ष्मी आहे, लक्ष्मीपूजन आहे, पुजायची नाही तर करायचं काय? आरती झाली. शेजारच्याच घरात राहणारी माझी धाकटी जाऊ फराळाचं ताट घेऊन आली, रांगोळी बघून "काय झ्याक काढलीय!" म्हणाली, फोन काढला, दोन-तीन फोटो काढले. ती प्रत्येक सणाला काढते. आम्ही बत्तासे खाल्ले आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी पाडवा. दिवाळीच्या सुट्टीत चारही खोल्या भरलेल्या. एकाला गरम पाणी येत नाही, एकाला चहा बिनसाखरेचा, पुण्याच्या मंडळींना न्याहारीलाच विचारायचं होतं की दुपारी सुरमई मिळेल ना. सणाला आमच्या घरात मासळी शिजत नाही, पण पाहुण्यांसाठी मागच्या चुलीवर करावी लागते. अशा धांदलीत फोन वाजला. भाऊ. घरात रेंज नीट नसते म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ गेले. म्हटलं, दिवाळीचा नमस्कार करायला फोन केला असेल.

"ताई, पूजेचा फोटो ग्रुपवर कुणी टाकला?"

ग्रुप म्हणजे आमच्या सासरच्या घराण्याचा. निम्मा रायगड आहे त्यात. भावाला पण कुणी हौसेने घातलाय.

"जाऊबाईंनी टाकला असेल. का रे? रांगोळी आवडली?"

"त्यात कार्ड दिसतंय."

मला आधी नुसतं "हो का" म्हणावंसं वाटलं. मग लख्खकन आठवलं, त्यावर काय लिहिलंय.

"मोठं करून बघितलं तर आठ शब्द वाचता येतात," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता, तो घाबरला की असाच बोलतो. "बाकीचे झेंडूखाली आहेत."

"मग वाचलो ना! सगळे कुठे दिसतायत?"

"नाही वाचलो. एवढे कळले की उरलेले चार कॉम्प्युटर लावून शोधून काढता येतात. वेळ लागेल, पण निघतात. कालपासून फोटो आहे तो. आपल्याला आत्ता हलवायला हवं सगळं."

"कुठे हलवायला हवं? तळ्याच्या बंद घरात पाठवू? बँकेच्या लॉकरात?"

"कार्ड नाही गं! पैसे."

बघा, पुन्हा तेच. मी विचारलं, पोलिसात जाऊ का, दाराला दुसरं कुलूप लावू का. तो म्हणाला, ताई, चोर काशीदला येणारच नाही, तो कुठेतरी बसूनच नेईल, कुलूप लावून काय होणार. आपल्याला नवं पाकीट करायचं, नवे शब्द घ्यायचे आणि नाणी जुन्यातून नव्यात पाठवायची. मी म्हटलं, मग कर की तू, मी उरलेले चार शब्द सांगते. तर ओरडलाच. "फोनवर शब्द बोलायचे नाहीत म्हणून सांगितलंय ना? आणि मी बंदरातल्या फुकट वायफायवर आहे, इथून असलं काही करायचं नसतं. तुलाच करावं लागेल. तो जुना फोन आण, चार्ज कर. आधी तो फोटो काढायला लाव, मी थोड्या वेळाने पुन्हा फोन करतो."

मी गच्चीवरूनच जावेला हाक मारली. ती बिचारी हात पुसत अंगणात आली. "तो कालचा फोटो काढ ग्रुपवरून! आत्ताच्या आत्ता!" तिने फोन काढला, बोट फिरवलं. "काढला ताई. गेला."

मी माझ्या फोनवर बघितलं. फोटो जागेवरच.

"अगं कुठे गेला? आहे इथे!"

"माज्या फोनातून गेलाय की. बगा, न्हाय दिसत!"

तिने फक्त स्वतःच्या फोनवरून काढला होता. आणि तिच्याकडून एकदा गेल्यावर आता तिला तो सगळ्यांकडून काढताही येईना. मी कपाळावर हात मारला. मग ग्रुपचे कारभारी, आमचे चुलत सासरे तळ्याला असतात, त्यांना फोन लावला. आठव्या-नवव्या घंटेला त्यांनी उचलला. सगळं समजून घेतलं, "काही काळजी करू नकोस सूनबाई" म्हणाले. आणि मग त्यांनी काय केलं माहीत आहे? आधी ग्रुपवर सूचना टाकली. "काल टाकलेला पूजेचा फोटो, ज्यात कार्डावर इंग्रजी शब्द आहेत, तो महत्त्वाच्या कारणाने काढण्यात येत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी."

तोपर्यंत त्या फोटोकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं हो! नुसते हात जोडलेले आणि पणत्या. सूचनेनंतर मात्र सगळे जागे झाले. "कुठले शब्द?" "मंत्र आहे का? मराठीत अर्थ द्यावा." आणि मुरुडच्या एका शहाण्याने तोच फोटो पुन्हा टाकला, कार्डाभोवती लाल गोल काढून. "हेच का?" म्हणून. मी गच्चीवर उभी राहून त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या. खाली पाहुण्यांनी ऐकलं असेल तर ऐकलं असेल. सासऱ्यांनी शेवटी दोन्ही फोटो काढले, पण किती जणांच्या फोनात उतरले असतील ते देव जाणे. घरचीच माणसं सगळी, कुणावर संशय घ्यायचा? मी एकेकाचं तोंड आठवायला लागले आणि मलाच माझी लाज वाटली, पण आठवणं थांबेना.

फोन आणायला खाली उतरते तर हे ओटीवर चष्मा लावून बसलेले, एका हातात स्वतःचा मोबाइल, दुसऱ्या हातात ते कार्ड. बोलण्यात अगदी आदब. "हो साहेब. बारा आहेत साहेब. पहिला सांगितला, आता दुसरा वाचू का?"

मी कशी पोचले मला कळलं नाही. फोन हिसकावला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणत होता, पैसे आत्ता निघून चाललेत, लवकर बोला, लवकर बोला.

"कोण तू?"

त्याने फोन ठेवला.

"अगं, मदत केंद्र होतं ते," हे म्हणाले. "मी इंटरनेटवर शोधून नंबर काढला. चूक माझी होती म्हणून निस्तरायला गेलो. किती सभ्य माणूस होता!"

"मग चोर काय शिव्या घालत येतो? ह्याला मदत केंद्र नसतंच, सांगितलं होतं ना त्याने! जो शब्द विचारतो तोच चोर!"

हे खरं म्हणजे भांडायला तयार असतात, पण त्या दिवशी चेहरा एवढासा झाला. स्टँडवर एवढ्या गाड्या बिनचूक सोडणारा माणूस, आणि हातातलं कार्ड कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना. मला ओरडल्याचं वाईट वाटलं. कार्ड घेतलं आणि म्हटलं, तुम्ही जिन्याशी बसा, कुणाला वर येऊ देऊ नका. ते जमेल म्हणाले.

जुना फोन बंद पडलेला. वायर टाकीपर्यंत पुरेना म्हणून खालून मांडवाची लाइट लावायचा लांब बोर्ड आणला. भावाचा फोन पुन्हा आला, म्हणाला, पाहुण्यांच्या वायफायवर जोडू नको, तुझ्या फोनवरून जोड. ते कसं करायचं ते त्याने सांगितलं, मी काय दाबलं ते मला आता आठवत नाही, पण जोडलं गेलं. मग नवं पाकीट. मग पडद्यावर आले बारा नवे शब्द.

"आले?"

"आले. पहिला आहे..."

"ताई!"

"बरं बरं, नाही सांगत!"

पडद्याचा फोटो पण काढायचा नाही म्हणाला, हातानेच लिहायचे. लिहायला कागद नाही. जाऊबाईंनी दिलेल्या पाडव्याच्या मिठाईचा खोका होता, त्याचं झाकण फाडलं आणि आतल्या बाजूला लिहिले. इंग्रजी मी दहावीपर्यंतचं, मोठ्या लिपीत लिहिले, प्रत्येक अक्षर पडद्याशी जुळवून. तर फोनच माझी परीक्षा घ्यायला लागला. कितवा शब्द कुठला? मी चुकले. पुन्हा विचारलं. पुन्हा चुकेन की काय म्हणून झाकणावरच्या शब्दांवर बोट ठेवून मोजले. दुसऱ्यांदा बरोबर आलं.

आता पत्ता. नव्या पाकिटाचा पत्ता म्हणजे टंकलेखन यंत्रावरून मांजर चालत गेल्यासारखा. आकडे, अक्षरं, पुन्हा आकडे. मी म्हटलं, हा तरी बोलायचा की हा पण गुपित? म्हणाला, पत्ता खुशाल बोल, पत्ता कळून कुणी आपल्या घरात शिरत नाही, किल्ली लागते. तो नकलायचा, चिकटवायचा, आणि सुरुवातीची नि शेवटची अक्षरं डोळ्यांनी तपासायची, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत येत नाही.

"सगळे पाठवू?"

"नाही! आधी थोडे. गेले तरी रडू येणार नाही एवढे. पोचले की मग बाकीचे."

थोडे पाठवले. फोनवर एक गोल फिरत राहिला. "आता?" "आता थांबायचं." किती? सांगता येत नाही. कोण पोचवतं? कुणीच नाही, सगळे मिळून पोचवतात. मी म्हटलं, तू बोलूच नको आता.

खालून हे ओरडले, "सुरमई विचारतायत!" मी खाली पळाले, तुकड्या तव्यावर टाकल्या, गच्चीकडे कान, एका बाजूने जळल्या. पुण्याच्या बाईंनी "जरा जास्त झालीय का?" विचारलं, मी म्हटलं, आमच्याकडे अशीच करतात. वर आले तर गोल थांबला होता. नव्या पाकिटात थोडेसे दिसत होते.

"पोचले रे!"

"मग आता सगळे. पुन्हा पत्ता तपास."

मी तपासला. पुन्हा तपासला. दाबलं. आणि जुन्या पाकिटात आकडा आला, शून्य.

मी किंचाळले. "शून्य झाले! गेले सगळे! अरे गेले!"

जिन्यात हे मटकन खाली बसले, मला आवाज आला. मला समोर काय दिसलं सांगू? पैसे नाही दिसले. तो दिसला, पांढऱ्या टोपीत, डेकवर, केस पिकलेले, आणि अजून एक जहाज, आणि अजून एक. माझ्यामुळे.

"ताई, ऐक. ताई! जुन्यात शून्यच हवंय. तिथून निघाले म्हणून शून्य. नव्यात बघ."

नव्यात गोल फिरत होता. मी टाकीला टेकून बसले. समुद्राकडून मोटारबोटींचा आवाज येत होता, पर्यटक आरडाओरडा करत होते. मी नवस बोलायला तोंड उघडलं आणि सुचेना की नक्की कुठल्या देवाच्या अखत्यारीत येतं हे.

मग आले. सगळे. मी आकडा वाचून दाखवला, तो पलीकडून नुसता श्वास सोडत राहिला. जिन्यातून हे विचारत होते, आहेत का, आहेत का. "आहेत!" मी म्हटलं आणि रडायला लागले.

डोळे पुसले, तोवर भावाचा सूर पालटला होता. हुशार झाला एकदम. म्हणाला, जुनं कार्ड जाळून टाक. हे जिन्यातून म्हणाले, कुंकू वाहिलेलं जाळायचं नसतं, समुद्रात सोडतो. भाऊ म्हणाला, काय हवं ते करा, रिकामंच आहे ते. मग म्हणाला, "आणि ताई, ते नवे शब्द एकाच ठिकाणी नकोत. आणखी एक प्रत लिही, ती माझ्याकडे हवी."

"मग पाठवू कशी? फोटो नको, फोन नको."

"पोस्टाने पण नको. असं कर, मी उतरलो की मुंबईत असेन. भावोजींना बंद लिफाफा देऊन मांडव्याच्या जेट्टीवर पाठव. मी लाँचने येतो, घेतो, त्याच लाँचने परत जातो."

मी ऐकून घेतलं. आणि माझं जे डोकं फिरलं! सकाळपासूनचं सगळं, सूचना, लाल गोल, ते मदत केंद्र, जळलेली सुरमई, आणि हा मला सांगतोय त्याच लाँचने परत.

"मांडव्याला येणार, आणि परत जाणार?"

"अगं, वेळ नसतो..."

"मग नाही मिळायचे शब्द."

"ताई, चेष्टा करू नको."

"चेष्टा कोण करतंय? जगात हे शब्द आता फक्त माझ्याकडे आहेत ना? मग ऐक. मी ते फोनवर सांगणार नाही, कुणाच्या हाती देणार नाही. तुझ्या पैशांचं लोणचं घालायची वेळ आली तरी चालेल. शब्द घरात आहेत. घरी येऊन घ्यायचे. उद्या भाऊबीज आहे, मी पुन्हा चंद्राला ओवाळणार. कंटाळा आला मला चंद्राचा."

मला वाटलं नेहमीसारखी रेंज गेली. मग त्याचा आवाज आला, बारीक, लहानपणी ताप चढला की यायचा तसा.

"आई नाही गं तिथे."

"मला माहीत नाही होय रे? माझ्या मांडीवर गेली ती. रोज त्या खोलीत केर काढते मी, तुझ्या वाटचा पण. आई नाही, पण मी आहे ना? मी कुणीच नाही का तुझी?"

जिन्यातले हे उठून हळूच खाली गेले. पलीकडे बंदरातला भोंगा वाजला, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो गेला नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

"मार्चमध्ये उतरतोय," तो म्हणाला. "भावोजींना नको पाठवू. मी घरी येतो."